नायिकेच्या जाड मैत्रिणीला काय हवं असतं?

प्रश्न: मी कळव्याला राहते. वय २४, उंची पाच फूट तीन इंच, वजन ८६ किलो. ऐरोलीला नोकरी आहे. कॉलेजपासून एकांकिका करते, दोनदा अभिनयाचं बक्षीस मिळालंय. दीड वर्षापासून मालिकांसाठी ऑडिशन देतेय, पण दर वेळी ‘नायिकेची जाड मैत्रीण’, ‘खादाड नणंद’ नाहीतर ‘विनोदी मावशी’ एवढंच वाट्याला येतं. येत्या शुक्रवारी घोडबंदर रोडला पुन्हा तसंच एक ऑडिशन आहे. ताई, तुम्ही इतकी वर्षं मालिका लिहिताय. मी वजन उतरवू का? ही भूमिका घेऊ की नको? टीव्हीवर आमच्यासारख्यांना असंच का दाखवतात? आणि ऑडिशनला एकांकिकेतल्या, सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्या एसटी कंडक्टर बाईचा उतारा करू की काहीतरी विनोदी करू?

उत्तर: तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही एकेरीतच लिहिते. मी ठाण्यात राहते आणि २२ वर्षं मालिकांचे संवाद लिहितेय, मधली काही वर्षं पटकथाही. तुझ्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात माझा हात आहे.

नायिकेची जाड मैत्रीण मी आजवर सहा मालिकांत लिहिली. मालिका सुरू व्हायच्या आधी प्रत्येक पात्राचं कॅरेक्टर स्केच तयार होतं. नायिकेचं दीड-दोन पानांचं असतं. वडील काय करतात, शिक्षण कुठे अडलं, कशाला घाबरते, कशावर चिडते, आयुष्यात काय मिळवायचंय. मैत्रिणीचं दोन ओळींचं. ‘जाड, बडबडी, सतत खाणारी, मनाने चांगली. कॉमिक रिलीफ.’ बऱ्याचदा नावही नंतर पडतं. या दोन ओळींत एकच गोष्ट नसते, ती म्हणजे तिला काय हवंय. नायिकेला काहीतरी हवं असतं आणि ते मिळत नसतं, म्हणून तर मालिका पुढे सरकते. मैत्रिणीला आम्ही भूक देतो, इच्छा देत नाही. टीव्हीवरच्या जाड माणसाचं सगळं दुखणं मला या एका रिकाम्या जागेत दिसतं. तिथे काही नसलं की ती जागा भरायला शरीर उरतं.

हे द्वेषातून होतं असं मला वाटत नाही. घाईतून होतं, आणि घाईत जे पटकन हाताला लागतं ते वापरलं जातं. आठवड्याला सहा भाग द्यायचे असतात. आज रात्री लिहिलेलं दृश्य उद्या सकाळी शूट होतं, एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, कधीच पुरेशी नसते, आणि गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की अर्धा ट्रॅक, म्हणजे चालू कथानक, बदलतो. अशा वेळी ‘इथे थोडं हलकं करा’ असा निरोप येतो. स्वभावातून विनोद काढायचा तर आधी स्वभाव उभा करावा लागतो, त्याला दोन-तीन दृश्यं खर्च होतात. जाडीवरचा विनोद आयता असतो. ती दारातून आत आली की झाला. म्हणून आम्ही तो उचलतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा उचलतो, आणि वर्षाच्या शेवटी त्या मुलीने चाळीस वडे, एक मोडलेली खुर्ची आणि एक लिफ्ट यांच्यापलीकडे काहीच केलेलं नसतं.

एक दिवस मी कधीच विसरणार नाही. कासारवडवलीच्या पुढे एका बंगल्यावर शूटिंग चालू होतं. दृश्य माझंच. नायिकेचं लग्न मोडलंय, ती रडतेय, शेजारी बसून मैत्रीण बटाटेवडे खात खात ऐकतेय, शेवटी तिच्या हातातला वडा खाली पडतो आणि नायिकेला रडता रडता हसू येतं. कागदावर मला ते गोड वाटलं होतं. सेटवर मास्टर, म्हणजे पूर्ण दृश्याचा एकच शॉट झाला, मग दोघींचे क्लोज-अप, मग एकीच्या खांद्यावरून दुसरीचा शॉट. शॉट एकमेकांना जुळावेत म्हणून प्रत्येक टेकला ‘आईला काय सांगू’ या शब्दांवरच घास घ्यायचा. वडे सकाळचे, गार, तेल थिजलेले. नऊ टेक झाले. दर टेकनंतर स्पॉटदादा प्लास्टिकची पिशवी घेऊन पुढे यायचे, ती तोंडातला घास त्यात थुंकायची, चूळ भरायची, आणि लिपस्टिक पुन्हा लावली की पुढचा टेक. शेवटचं कट झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाली, “ताई, हिची मैत्रीण रडतेय. ही खाते कशी?”

ती रडणाऱ्या मैत्रिणीजवळ बसलेल्या कुठल्याही मुलीचं वागणं मला सांगत होती. तिने घास खाली ठेवला असता. एवढं साधं मला कळलं नव्हतं, कारण मी तिला मैत्रीण म्हणून लिहिलंच नव्हतं, जाड म्हणून लिहिलं होतं. दुपारी जेवणाच्या रांगेत प्रॉडक्शनमधला एकजण तिला म्हणाला, “आज तुम्हाला जेवण नको असेल.” तीसेक माणसं हसली. तीही हसली. तिचं ते हसणं मला आजही टोचतं.

हे सगळं फक्त लेखकाच्या टेबलावर घडतं असंही नाही. ड्रेसदादांच्या ट्रंकेत बारीक अंगाचे ब्लाउज असतात. तुझ्या मापाचं वेगळं शिवायला लागतं, त्याला वेळ आणि पैसे लागतात, म्हणून जे बसतं ते दिलं जातं. बहुतेक वेळा मोठ्या फुलांचा गाऊन किंवा चकाकणारं साटिन. २६ वर्षांची मुलगी त्यात ४५ ची दिसते आणि मग सगळे म्हणतात, ही मावशीच शोभेल. पुढे एडिटला आवाज चढतो. नायिका चालली की बासरी, ही चालली की जाड पितळी वाद्य किंवा धपधप. मी एकदा पूर्ण साधं दृश्य लिहून दिलं होतं, ती नुसती पाणी आणायला जाते. टीव्हीवर बघितलं तर पावलागणिक ढोल. शब्द माझे स्वच्छ होते, चेष्टा आवाजाने केली.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत १९९९-२००० च्या हंगामातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या मालिकांमधल्या १,०१८ प्रमुख पात्रांची मोजणी करून २००३ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. स्त्री पात्रांपैकी १४ टक्के आणि पुरुष पात्रांपैकी २४ टक्के जाड निघाली, खऱ्या समाजातल्या प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती पात्रं काय करत होती. जाड स्त्रियांना जोडीदार, प्रेमाचा स्पर्श हे कमी मिळत होतं. जाड पुरुष इतरांपेक्षा जास्त वेळा खाताना दिसत होते. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या संशोधकांनी विनोदी मालिका तपासल्या तेव्हा दिसलं की स्त्री पात्र जितकं जाड, तितके पुरुष पात्रांचे तिच्यावरचे शेरे जास्त, आणि त्या शेऱ्यांना लागूनच हशा. हशा कुठे येतो हे आमच्या धंद्यात फार महत्त्वाचं असतं, कारण हसायचं कुठे हे त्यातून प्रेक्षकाला शिकवलं जातं. घरी बसलेली बारा वर्षांची मुलगीही ते शिकते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्यावर कोण हसणार हेही तिला कळून चुकतं.

आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या फेरीत, १५ ते ४९ वयातल्या २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ किंवा त्याहून जास्त होता, म्हणजेच वजन जास्त होतं. जवळपास चारातली एक. संध्याकाळच्या ठाणे लोकलच्या लेडीज डब्यात ती चारातली एक तुला लगेच दिसेल. वाशीला भावे नाट्यगृहात मध्यंतराला चहाच्या रांगेतही दिसेल. मालिकेच्या प्रोमोत चार बायका एका ओळीत चालत येतात, तिथे शोधून बघ.

आणि मराठी माणूस मुळातच जाडीला हसत आलाय, हेही खरं नाही. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ मधली म्हातारी वाघाला काय सांगते? लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. लेकीने चार दिवस मायेने खाऊ घातलं याची ती खूण. बाळाला ‘बाळसं धरलं’ म्हणतो, सुनेला ‘अंगाने भरली’ म्हणतो, ‘खात्यापित्या घरची’ ही शाबासकी होती. उलट बारीक पोराला ‘पाप्याचं पितर’ म्हणून हिणवायचे. तेही वाईटच, कुणाच्याही अंगावर बोलणं वाईटच. पण सांगायचं हे की चांगलं अंग कसलं याची कल्पना एका पिढीत उलटू शकते.

फिजी बेटांवर ती किती झपाट्याने उलटली याची नोंद आहे. तिथेही भरलेलं अंग कौतुकाचं होतं. नांद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही पोहोचला. अ‍ॅन बेकर या अमेरिकी संशोधक डॉक्टरांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ साली तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याच्या विकाराची लक्षणं दाखवणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी आधी एकही नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. इतरही बरंच काही तिथे त्या काळात बदलत असणार, पण त्या मुलींनी स्वतः मालिकांतल्या नायिकांची नावं घेतली होती. आमची मालिका ज्या घरात रोज रात्री लागते, तिथे आम्ही नुसती करमणूक पोहोचवत नाही, हे मी ती नोंद वाचल्यापासून विसरलेले नाही.

आता वजनाचं. आधी कॅमेऱ्याबद्दल एक सांगते, कारण अर्ध्या मुली त्याच्या भीतीने उपाशी राहतात. कॅमेऱ्यात माणूस जाड दिसतो हे काही अंशी खरं. दोन डोळ्यांना जाणवणारा खोलपणा सपाट पडद्यावर हरवतो, मालिकेचा प्रकाश सगळीकडे सारखा असतो म्हणून चेहऱ्याच्या कडा सावलीत जात नाहीत, आणि सेटवरच्या लहान खोल्यांत कॅमेरा मागे न्यायला जागा नसते, म्हणून जवळून रुंद लेन्स लावतात. यातल्या एकाही गोष्टीचा तुझ्या जेवणाशी संबंध नाही. सपाट टीव्ही नवे होते तेव्हा तर कहरच होता. चॅनेलच्या चित्राची रुंदी-उंची चारास तीन, टीव्हीची सोळास नऊ, आणि काळ्या पट्ट्या नकोत म्हणून लोक रिमोटवरून चित्र ताणायचे. म्हणजे प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने जास्त रुंद. माझ्या एका मालिकेतली काटकुळी नायिका नातेवाइकांकडे स्वतःला तशी बघून आली आणि दुसऱ्या दिवसापासून फक्त काकडी खायला लागली. चौथ्या दिवशी मेकअपच्या खुर्चीत तिला चक्कर आली. एका बटणापायी!

तर वजन उतरवू का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुझ्या डॉक्टरांकडे आहे. साखर, थायरॉईड, रक्तदाब, पाळी हे तपासून घे आणि तब्येतीसाठी काही करायचं ठरलं तर जरूर कर. शुक्रवारच्या ऑडिशनसाठी मात्र करू नकोस. लुक टेस्टच्या आधी दहा दिवस लिंबूपाण्यावर काढणाऱ्या मुली मी पाहिल्यात. चेहरा उतरतो, आवाज बसतो, आणि आवाज हेच तर तुझं भांडवल.

टीव्हीने याबाबत मोठी फसवणूक केली आहे. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या वजन उतरवण्याच्या स्पर्धेची आपल्याकडेही २०११ साली सुनील शेट्टीने सूत्रसंचालन केलेली हिंदी आवृत्ती आली होती. मूळ अमेरिकी कार्यक्रमातल्या १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनी पुन्हा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. ३० आठवड्यांत त्यांचं सरासरी ५८ किलो वजन उतरलं होतं. सहा वर्षांत त्यातलं सरासरी ४१ किलो परत आलं. आणि त्यांचं शरीर स्वस्थ बसलेलं असताना अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. इतक्या झपाट्याने वजन उतरवल्यावर शरीर जपून खर्च करायला लागलं होतं, आणि सहा वर्षांनीही ते तसंच वागत होतं. पडद्यावर मात्र आपल्याला रडणारा माणूस, काटा, टाळ्या एवढंच दिसलं. ज्याचं वजन परत आलं त्याला घरचे म्हणाले असतील, तुझ्यात जिद्दच नाही. मार्च २०२० मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन ‘नेचर मेडिसिन’मध्ये जे निवेदन दिलं, त्यात हेच सांगितलं आहे की लठ्ठपणा हा केवळ इच्छाशक्तीचा प्रश्न नाही आणि टोमण्यांनी माणसाचं नुकसानच होतं. तुला कुणी ‘तुझ्या भल्यासाठीच बोलतो’ म्हणून टोमणा मारला, तर हे आठव.

आणखी एक व्यवहाराचं. मालिकेचं काम स्वतःच वजन वाढवतं. बारा-तेरा तासांची शिफ्ट, रात्री अकराला पॅकअप, सेटवरचा तेलकट नाश्ता, झोप अर्धवट. आजच्या वजनात तू सुखाने काम करू शकतेस का, पायऱ्या चढून धाप न लागता संवाद म्हणू शकतेस का, तेवढं बघ. त्यासाठी उपवन तलावाकाठी रोज अर्धा तास चाल, दम वाढेल. काट्याकडे बघू नकोस.

भूमिका घ्यायची की नाही? मी तुला ‘नाही म्हण’ असं सांगणार नाही. घरी बसून मी तत्त्वं सांगायची आणि भाडं तू भरायचं, हे बरोबर नाही. विनोदी भूमिकेतही कमीपणा नाही. वनिता खरातला ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये बघ. हशा तिच्या वाक्याला येतो, तिच्या वेळेच्या जाणिवेला येतो. याच वनिताने २०२१ च्या सुरुवातीला एका कॅलेंडरसाठी स्वतःच्या शरीराबद्दल कसलाही संकोच न ठेवता छायाचित्र काढून घेतलं, तेव्हा आमच्या लेखकांच्या खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. आम्ही इतकी वर्षं जे लपवायचं किंवा हसायचं म्हणून लिहीत होतो, ते तिने समोर ठेवलं होतं. दुसरीकडे टुणटुणचं बघ. उमादेवी खत्री हे तिचं नाव. १९४७ च्या ‘दर्द’मधली गाजलेली गाणी गाणारी पार्श्वगायिका. १९५० च्या ‘बाबुल’पासून ती पडद्यावर विनोदी भूमिका करू लागली आणि गायिका पुसली गेली. आज शाळेत जाड मुलीला तिच्या नावाने चिडवतात आणि चिडवणाऱ्याला ती गात होती हे माहीतही नसतं. वनिता आणि उमादेवी, दोघींमध्ये कसबाचा फरक नव्हता. समोर लिहिलेलं काय होतं, त्याचा फरक होता.

मधल्या काळात काही बदललंय, ते नाकारायचं नाही. हिंदीत २०१० ची ‘माही वे’, २०१६ ची ‘बढो बहू’, आणि आपल्याकडे ३१ ऑगस्ट २०२० ला कलर्स मराठीवर सुरू झालेली ‘सुंदरा मनामध्ये भरली’, जिच्यात अक्षया नाईकने लतिका केली. जाड मुलगी मैत्रीण नाही, नायिका. ती मालिका दोन वर्षांहून जास्त चालली. आमच्या मीटिंगांमध्ये ‘अशी नायिका लोक बघत नाहीत’ हे जे वाक्य नेहमी यायचं, ते निदान मोठ्याने म्हणणं बंद झालं. मला त्याचा फार आनंद आहे. फक्त या सगळ्या कथांमध्ये वजन हाच विषय आहे. ज्या दिवशी बँकेत अधिकारी असलेली, बहिणीशी जमिनीवरून भांडण चालू असलेली नायिका ८६ किलोची असेल आणि दोनशे भागांत त्यावर कुणी एक शब्द बोलणार नाही, ती मालिका मला लिहायची आहे. दोनदा प्रस्ताव दिला. दोन्ही वेळा ‘हिच्या वजनाचा ट्रॅक कधी येणार?’ असं विचारलं गेलं.

तर शुक्रवारी तुला काय करता येईल ते सांगते. ब्रीफमध्ये, म्हणजे भूमिकेच्या वर्णनात, ‘हेल्दी’ किंवा ‘बबली’ लिहिलं असेल, आमच्याकडे जाड म्हणायचं असलं की तसंच लिहितात, त्यावर अडू नकोस. ऑडिशन झाल्यावर कास्टिंगवाल्यांना शांतपणे विचार, हिचं नाव काय, ही दिवसभर काय करते, आणि हिला काय हवंय. ताठ्याने विचारायचं नाही, तयारीसाठी विचारतेय असंच विचार, कारण खरोखर तयारीसाठीच हवंय. ‘ती नायिकेला मदत करते’ एवढंच उत्तर आलं तर समज की जागा रिकामी आहे. काही वेळा मात्र समोरचा थबकतो आणि ‘लेखकांना विचारून सांगतो’ म्हणतो. तो प्रश्न खरंच आमच्यापर्यंत येतो. माझ्याकडे असा एकदा आला आणि मला त्या पात्राला भाऊ द्यावा लागला, भावाचं कर्ज द्यावं लागलं, आणि सहा महिन्यांनी तिच्यावर आठवडाभराचा ट्रॅक झाला.

काम मिळालं आणि एखादं वाक्य खटकलं, तर कॅमेरा लागल्यावर बोलू नकोस. तेव्हा चाळीस माणसं थांबलेली असतात आणि दिग्दर्शकाला फक्त उशीर दिसतो. सकाळी पानं हातात आली की मेकअप चालू असताना असोसिएट दिग्दर्शकाला सांग, आणि नुसती तक्रार नको, दुसरं वाक्य घेऊन जा. एक उदाहरण देते. माझं मूळ दृश्य असं होतं. लिफ्टमध्ये सहा जण उभे. मैत्रीण शिरते, भोंगा वाजतो, सगळे तिच्याकडे बघतात, ती ओशाळून बाहेर पडते, नायिका म्हणते, “जिने चढ गं, तेवढ्याच कॅलरी जातील.” ती भूमिका करणारी मुलगी सकाळी साडेआठला माझ्याशी फोनवर बोलली आणि आम्ही ते असं केलं. भोंगा वाजतो, सगळे तिच्याकडे बघतात. ती पाटी वाचते, माणसं मोजते आणि म्हणते, “सहा जणांची लिफ्ट आहे, आपण सात आहोत. काका, तुम्ही पहिल्या मजल्यावर राहता ना?” काका गुपचूप उतरतात. भोंगा बंद. भोंगा तोच, लिफ्ट तीच, हशाही आला. पण आता तो तिच्या बाजूने होता, आणि ही मुलगी मोजून बोलते, कुणाला भीत नाही, हे पंधरा सेकंदांत कळलं. पुढे तिला आम्ही सोसायटीची सेक्रेटरी केलं. तिथून तिला खरोखर काहीतरी हवं झालं, पाण्याच्या टाकीच्या हिशेबात घोळ कुणी केला हे शोधून काढायचं होतं. प्रेक्षक तिच्यासाठी थांबायला लागले.

अशी पारख तूही करू शकतेस. तेच वाक्य बारीक मुलीला देऊन बघ. दृश्य उभं राहिलं तर ते पात्राचं आहे. कोसळलं तर ते फक्त तुझ्या अंगावर उभं होतं. दहातली तीन वाक्यं बदलली तरी खूप झालं, आणि सात तशीच म्हणावी लागली म्हणून स्वतःला खाऊ नकोस.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या घरच्यांना, मैत्रिणींना उपयोगी पडेल म्हणून सांगते. टीव्हीवरचं काही अपमानास्पद वाटलं तर चॅनेलकडे लेखी तक्रार करता येते. २०२१ च्या नियमांनुसार चॅनेलने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा, समाधान झालं नाही तर पुढे अपील आहे. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी, त्या उद्योगाचीच अ‍ॅस्की ही संस्था आहे, तिने २०२२ साली आपल्या नियमात शरीराच्या ठेवणीवरून कुणाची खिल्ली उडवू नये हेही घातलं. चॅनेलच्या मीटिंगमध्ये अशी पाच पत्रं टेबलावर आली की लेखकाला फार बळ मिळतं. मी ते अनुभवलंय.

आता तुझा शेवटचा प्रश्न. कंडक्टरचाच उतारा कर. त्या बाईला काहीतरी हवंय, तुझ्या बोलण्यावरून ते स्पष्ट दिसतं, आणि समोरच्याला ती भूमिका बघताना तुझं वजन आठवायला वेळ मिळणार नाही. विनोदी मागितलं तर त्याच उताऱ्यातलं सुट्ट्या पैशांचं भांडण वेग वाढवून कर. गाऊन घालून जाऊ नकोस, तुझ्या मापाचा, खांद्यावर नीट बसणारा, एका रंगाचा कुर्ता घाल. लोकलमधून उतरून ऑडिशनला धावत जायचं नाही, अर्धा तास आधी पोहोच, पाणी पी. आणि ड्रेसवाल्यांनी माप विचारलं तर दोन इंच कमी करून सांगू नकोस, खरं सांग, म्हणजे तुझ्यासाठी ब्लाउज वेळेत शिवला जाईल.